गाळालाही परवाना हवा

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातून निघून कॅलिफोर्नियात उतरणाऱ्या क्लॅमथ नदीवर विजेसाठी बांधलेली चार धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये पाडण्यात आली. त्यांतले सर्वांत जुने १९१८ चे, सर्वांत नवे १९६० च्या दशकातले. चारही मिळून वीजनिर्मितीची क्षमता साधारण १६३ मेगावॅट, म्हणजे मालक कंपनीच्या एकूण विजेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. जगभर गाजल्या त्या फुटणाऱ्या भिंती आणि शंभराहून अधिक वर्षांनी ऑरेगनमध्ये परतलेले सामन मासे. पाडकामाच्या आधीचा एक टप्पा मात्र बातम्यांत फारसा आला नाही, आणि बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागाला त्यातूनच सर्वाधिक शिकण्यासारखे आहे. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने अंतिम मंजुरी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिली. त्याआधी ऑरेगनने सप्टेंबर २०१८ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० मध्ये आपापले पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्र दिले होते. ही प्रमाणपत्रे हातात असल्याशिवाय आयोगाला मंजुरी देताच आली नसती.

१९७२ च्या अमेरिकी स्वच्छ पाणी कायद्याच्या ४०१ व्या कलमात याची मुळे आहेत. ज्या कामामुळे नदीत काही सोडले जाण्याची शक्यता आहे, त्या कामाला केंद्राचा परवाना मिळण्याआधी राज्याने सांगायचे, की आमच्या नदीच्या पाण्याचे निकष यामुळे मोडणार नाहीत. राज्य नाही म्हणू शकते किंवा अटी घालू शकते, आणि त्या अटी केंद्राच्या परवान्याचाच भाग बनतात. निर्णयाला मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. याच कलमात आणखी एक तरतूद आहे. एका राज्यातल्या कामाने दुसऱ्या राज्याचे पाणी बिघडण्याची शक्यता असेल, तर त्या शेजाऱ्याला तसे कळवावे लागते, आणि त्याला साठ दिवसांत हरकत नोंदवून सुनावणी मागता येते. पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची शुद्धता यांत भिंत घालणे कृत्रिम आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या खटल्यात सांगितले, आणि नदीत किमान किती प्रवाह ठेवायचा ही अटसुद्धा राज्याला याच कलमाखाली घालता येते हे मान्य केले.

धरण पाडले की नदी मोकळी होते. मग मोकळ्या होणाऱ्या नदीसाठी शुद्धतेचा दाखला कशाला, असे कुणालाही वाटेल. याचे उत्तर जलाशयाच्या तळाशी आहे. उन्हाळ्यात खोल जलाशयाचा वरचा थर तापतो आणि हलका होतो, खालचा गार आणि जड राहतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळेनासे होतात. वरून पडणारी मेलेली शेवाळे, पालापाचोळा, सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य खाली कुजत राहते आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मग प्राणवायूवाचून जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य सुरू होते. लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतात, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, आणि लोहाला चिकटून गाळात बसलेला स्फुरद सुटा होतो. हा स्फुरद वर पोचला की नील-हरित जिवाणू माजतात आणि दुधावर साय धरावी तसा हिरवा थर पाण्यावर धरतो. क्लॅमथवरच्या कॉप्को आणि आयर्न गेट या जलाशयांत उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिस नावाचा असाच जिवाणू फोफावत असे. त्याचे विष यकृतावर घाला घालते. या विषाच्या मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. तेव्हा धरण उभे असतानाच पाणी बिघडलेले असते, आणि धरण पाडताना शतकभराचा गाळ एकदम खाली जातो. क्लॅमथच्या जलाशयांत सुमारे १ कोटी १५ लाख घनमीटर गाळ साचल्याचा अंदाज होता, आणि त्यातला बराचसा मेलेल्या शेवाळांचा बारीक चिखल होता. असा चिखल वाहू लागला की तो पाण्यातला प्राणवायू शोषतो.

म्हणून प्रमाणपत्रांच्या अटी कोरड्या वाटल्या तरी वाचण्याजोग्या आहेत. जलाशय कोणत्या महिन्यात आणि किती वेगाने उतरवायचा, तापमान, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू कुठे-कुठे सतत मोजायचे, पिण्याच्या पाण्याच्या योजनांचे काय करायचे, हे सगळे काम सुरू होण्याआधी ठरले. वायरीका या गावाची जलवाहिनी आयर्न गेट जलाशयाखालून जात होती; ती आधी नव्याने टाकली गेली. जलाशय उतरवायला जानेवारी निवडला, कारण नदीला तेव्हा पाणी जास्त असते आणि मुख्य प्रवाहात नाजूक अवस्थेतले मासे कमी असतात.

गाळ न तपासता धरण पाडले तर काय होते, याचा दाखलाही अमेरिकेतच आहे. हडसन नदीवरचे फोर्ट एडवर्ड येथले जुने धरण १९७३ मध्ये काढले गेले. वरच्या बाजूच्या विद्युत-साहित्याच्या कारखान्यांतून वर्षानुवर्षे सोडलेली पीसीबी ही घातक रसायने त्या धरणामागच्या गाळात बसली होती. भिंत गेली आणि गाळ विषासकट खाली सरकला. पुढे १९८४ मध्ये हडसनचा सुमारे तीनशे किलोमीटरचा पट्टा केंद्राच्या सर्वाधिक दूषित स्थळांच्या यादीत गेला. विष कारखान्यांचेच होते. पण ते कोंडून ठेवणारी भिंत काढताना गाळात काय आहे हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही, आणि त्याची किंमत खालच्या काठांनी मोजली.

आता आपल्या नद्या पाहू. भीमा पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतून उजनी धरण ओलांडून अफझलपूर तालुक्यात येते, देवल गाणगापूरला अमरजेला भेटते आणि पुढे कलबुर्गी शहराच्या पाणीयोजनेला पाणी देते. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरमार्गे भालकी-औरादच्या शिवारात शिरते, आपल्या उपनदीवरच्या कारंजा धरणाचे उरलेसुरले पाणी घेते आणि तेलंगणातल्या सिंगूर जलाशयाकडे निघते. म्हणजे बिदर महाराष्ट्राच्या खाली आहे आणि तेलंगणाच्या वर. या नद्यांचा करार आपल्याकडे आहे, पण तो टीएमसीत आहे. बच्छावत लवादाच्या १९७६ च्या निवाड्यात कृष्णा खोऱ्याचे महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असे वाटप झाले, आणि भीमा त्यातच आली. पाणी किती यावर आपण पन्नास वर्षे भांडलो आणि चोख हिशेब ठेवला. पाणी कसे, याचा असा हिशेब आपण ठेवला नाही. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी याच जलाशयात उतरते. उन्हाळ्यात धरण वजा पातळीत गेले की पिण्याच्या आवर्तनासाठी नदीत सोडलेले पाणी तळाजवळच्या थरांतले असण्याची शक्यता वाढते. त्या पाण्याची मोजदाद क्युसेकमध्ये होते. त्यातला प्राणवायू मोजून खालच्या राज्याला कळवण्याचे बंधन कुणावर नाही.

यावर पहिली हरकत अशी, की आपली धरणे विजेची नाहीत, पिण्याची आणि शेतीची आहेत. ती पाडायची कुणाची इच्छा नाही, मग क्लॅमथचे उदाहरण कशाला? कारंजा किंवा उजनी पाडावे असे मीही म्हणत नाही. या दुष्काळी पट्ट्यात साठवलेल्या पाण्याचा प्रत्येक थेंब लाखमोलाचा आहे, लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण गाळ खाली जायला धरण पाडावेच लागते असे नाही. दरवाजे बदलण्यासाठी जलाशय उतरवणे, तळाच्या दारांतून गाळ धुऊन काढणे, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाच्या तोंडावर काढणे, या प्रत्येक कामात तेच रसायन लहान प्रमाणात घडते. देशात पाच हजारांवर मोठी धरणे आहेत आणि त्यांतली दोनशेहून अधिक शंभरी ओलांडलेली आहेत. दुरुस्तीची कामे वाढतच जाणार. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा भिंत फुटू नये याची काळजी घेतो, आणि ती घ्यायलाच हवी. भिंतीआडून काय बाहेर पडेल हा त्याचा मुख्य विषय नाही.

खरे तर यासाठी नवा कायदा लागत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमाने नदीत प्रदूषक सोडायला बंदी घातली आणि मग काही अपवाद दिले. त्यांतला एक अपवाद असा, की विहीर, तळे किंवा जलाशय यांत साचलेला गाळ राज्य मंडळाच्या संमतीने प्रवाहात सोडता येतो. राज्य मंडळ म्हणजे राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ. क्लॅमथच्या प्रमाणपत्राचे बीज आपल्या कायद्यात पन्नास वर्षांपासून पडून आहे, आणि कारखान्याच्या सांडपाण्याची संमती सर्वांना ठाऊक असताना जलाशयाच्या गाळाची संमती सार्वजनिक चर्चेत जवळजवळ येतच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: धरणाच्या तळाला हात लावणाऱ्या प्रत्येक मोठ्या कामाआधी ही संमती घेतली जावी, अटींसह जाहीर व्हावी, आणि नदी राज्याची हद्द ओलांडत असेल तिथे खालच्या राज्यालाही बोलू द्यावे. दोन राज्यांच्या मंडळांत समन्वय साधणे आणि त्यांचे वाद सोडवणे हे याच कायद्याने केंद्रीय मंडळाचे काम ठरवले आहे. लगतच्या राज्यांना कराराने संयुक्त मंडळ स्थापण्याची सोयही १३ व्या कलमात आहे.

दुसरी हरकत शेतकऱ्यांकडून येते आणि ती मोलाची आहे. गाळ म्हणजे आमच्याच शिवारांतून वाहून गेलेली काळी माती, त्याला विष म्हणू नका. खरेच आहे, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत उत्तम पीक येते. महाराष्ट्राच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ कोरडा उचलून शेतात नेला जातो. तो नदीत जात नाही, म्हणून ती वाट मला नदीत गाळ धुऊन काढण्यापेक्षा कितीतरी बरी वाटते. पण काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात, पाण्यात दीर्घकाळ तरंगतात आणि स्फुरद व जड धातू घट्ट धरून ठेवतात. ज्या जलाशयात फक्त शेतांचे पाणी येते त्याचा गाळ आणि ज्यात शहराचे किंवा औद्योगिक वसाहतीचे पाणी येते त्याचा गाळ दिसायला सारखाच असतो. तपासल्याशिवाय फरक कळत नाही, आणि ही तपासणी शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

तिसरी हरकत अधिकाऱ्यांची: आणखी एक परवानगी म्हणजे आणखी दिरंगाई. अमेरिकेत हे घडलेही. क्लॅमथच्या धरणांच्या परवान्याचे नूतनीकरण रखडले असताना कंपनी दरवर्षी पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्राचा तोच अर्ज मागे घेऊन पुन्हा दाखल करत राहिली, राज्ये ते चालवून घेत राहिली, आणि जानेवारी २०१९ मध्ये हूपा व्हॅली जमातीच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले, की अशाने राज्यांनी त्या नूतनीकरणापुरता आपला हक्कच गमावला. यातून निघतो तो धडा मुदत कडक पाळण्याचा आहे. दुरुस्तीचा आराखडा वर्षभर आधी तयार होतो. गाळाचे नमुने त्याच वेळी घेतले तर एक दिवसही वाया जात नाही.

आणि चौथी, सर्वांत टोकदार: प्रमाणपत्रे असूनही क्लॅमथमध्ये मासे मेलेच. होय, मेले. २०२४ च्या सुरुवातीला नदी चिखलाने भरली, प्राणवायू खूप खाली गेला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सोडलेली सुमारे ८ लाख ३० हजार सामन पिल्ले आयर्न गेटच्या जुन्या बोगद्यातून जाताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन मेली. तोटा लपवला गेला नाही, कारण शोधले गेले, आणि पुढची पिल्ले धरणाच्या खालच्या बाजूला सोडायचे ठरले. संमतीपत्र अपघात टाळण्याची हमी देत नाही. काठावरच्या माणसाला काय घडते आहे ते वेळेत कळावे, एवढी सोय ते नक्की करते. गाणगापूरच्या संगमावर स्नानाला उतरणाऱ्या भाविकाला किंवा कलबुर्गीच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या कर्मचाऱ्याला आज ही सोय नाही.

सुरुवात कारंजापासून करता येईल, कारण ते धरण आणि त्याखालचा मांजरेचा भालकी-औरादचा काठ एकाच राज्याच्या, एकाच मंडळाच्या अखत्यारीत आहे. तळाच्या गाळाचे नमुने घ्यायला जलाशय रिकामा व्हायची वाट पाहावी लागत नाही. होडीतून लांब नळी गाळात रोवून तो थरांसकट वर काढता येतो, आणि त्यातले स्फुरद, सेंद्रिय द्रव्य, शिसे, क्रोमियम मोजणे नेहमीच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहे. ते आकडे हाती असले तर तळाचे दार कोणत्या महिन्यात उघडायचे हे ठरवता येते: एप्रिल-मेच्या रोडावलेल्या प्रवाहात कदापि नाही, पुनर्वसूच्या पहिल्या लोंढ्यातही नाही, तर नदी दुथडी भरलेली असताना, खालच्या पाणीयोजनांना आधी कळवून आणि सिंगूरच्या वाटेवर तेलंगणाला त्या आकड्यांची प्रत देऊन.