जिल्ह्याबाहेरचा घास नको!

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या आमच्या घरी एक नवाच कायदा लागू झाला. कायदा करणारी आमची धाकटी मुलगी. वय वर्षे सोळा, शिक्षण अकरावी. पृथ्वी तापते आहे, मग ट्रकने-जहाजाने लांबून आलेले अन्न खायचेच कशाला, असा तिचा सवाल. "मी आपल्या जिल्ह्यात पिकेल तेच खाणार," असे जाहीर करून तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांची झडती सुरू केली.

पहिल्याच दिवशी निम्मे डबे बाद! रेशनचा गहू परराज्यातला, पामतेल परदेशातले, चहा आसामचा, मीठ गुजरातचे. उरली ज्वारी, तूर, हरभरा, शेंगदाणे, करडई.

आता ज्वारीचे म्हणाल तर मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती उभी राहते, पाटाचे पाणी मिळाले नाही तरी भाकरी पदरात पडते. उलट भातखाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन वायू निघतो आणि तोही हवा तापवतो. हे सारे मुलीनेच आम्हाला समजावून सांगितले.

साखरेपाशी मात्र ती अडली. साखर अगदी जवळची, जिल्ह्यात कोणत्याही वाटेने जा, कारखान्याचे धुराडे दिसतेच. पण ऊस वर्षभर पाणी पितो आणि उन्हाळ्यात आमच्या बायाबापड्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहतात. मग ही साखर चालते कशी? त्यात तिला २०१८ सालचा एक अभ्यास वाचायला मिळाला. पूर आणि नेमेचेक या शास्त्रज्ञांनी जगातल्या सुमारे ३८ हजार शेतांची माहिती गोळा केली होती. तिच्यावरून काढलेला हिशेब असा, की अन्नापायी जे वायू हवेत जातात, त्यांत वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्केच. अन्न किती लांबून आले यापेक्षा ते काय आहे आणि कसे पिकवले, यालाच जास्त महत्त्व. पोरगी दोन दिवस गप्प होती.

तिच्या आजीने तर वेगळाच विषय काढला. "पोरी, बहात्तर साली हितं काय बी पिकलं नव्हतं. तुझा बाप मांडीवर. दुष्काळी कामावर खडी फोडायची आन् अमेरिकेची लाल मिलो खायची. ती लांबनं आली म्हणून तर जगलो. आन् गावचं गावचं काय करतीस? माझी आई गावकीची शिळी भाकर मागून आणायची, ती बी गावचीच हुती!" उष्टे-शिळे अन्न सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले. खेड्यापाड्यांतून ते सुटायला पुढे किती वर्षे लागली, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

मुलीचा हट्ट तरीही चालूच राहिला. खरी अडचण दिवाळीच्या सुमारास उघडी पडली. रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, माणशी महिना ५ किलो. ज्वारी मात्र दुकानातून विकत, तीही गव्हापेक्षा महाग, आणि करडईच्या तेलाचा भाव विचारूच नका. आम्ही यंत्रमागावर काम करणारी माणसे. लेकीसाठी वेगळी ज्वारी, वेगळे तेल आणायला तिच्या आईने पैसे कुठून काढले? स्वतःच्या पाठदुखीच्या गोळ्या दोन महिने आणल्याच नाहीत! औषधाची रिकामी पाकिटे पाहून मुलीला ते कळले. ती रडली, जेवलीही नाही. आमचेही चुकलेच, आमच्या ते आधी लक्षात यायला हवे होते.

मग चौघांनी बसून नवा कायदा केला. रेशन सोडायचे नाही, २०१३ च्या कायद्याने मिळालेला तो आपला हक्क आहे. मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात आली तेव्हा शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून पोती घेतली. किरकोळीपेक्षा स्वस्त पडली. ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली आहे. आता रात्री सगळ्यांनाच भाकरी. पामतेलाची पिशवी मात्र अजून येतेच, पण तळण कमी झाले आहे.

सुटीच्या दिवशी आजी नातीला शहराबाहेरच्या रानात नेते आणि घोळ, तांदुळजा, पाथरी ओळखायला शिकवते. पहिल्या खेपेला पोरीने पिशवीभर भलताच पाला खुडून आणला होता!

चहाचे नाव तिने यादीतून गुपचूप खोडले आहे. आजी कपबशी घेऊन समोरच बसते ना!