हजर झाला तो फुटला का?

२०२१ची दिवाळी सरता सरता एसटीची चाके थांबली. ऑक्टोबरच्या अखेरीस उपोषणाने सुरू झालेले आंदोलन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातल्या सगळ्या, म्हणजे २५० आगारांत पोचले. करोनात बंद पडलेल्या शाळा-महाविद्यालयांची दारे नुकतीच उघडली होती. भातकुली तालुक्याला या बंदचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. खोलापूर-आसऱ्याकडची पोरे शिकायला अमरावतीला, म्हातारी माणसे दवाखान्याला अमरावतीला. लालपरी नाही म्हटल्यावर काळी-पिवळी किंवा ऑटो, आणि तो मागेल ते भाडे. त्यातच १३ नोव्हेंबरला अमरावती शहरात संचारबंदी लागली.

प्रवाशांचे हाल सगळ्यांनी पाहिले, छापलेही. आगाराच्या फाटकाआड चाललेला वाद मात्र फारसा बाहेर आला नाही. संप चालू असताना जो चालक-वाहक कामावर हजर झाला, त्याला काय म्हणायचे? संपाच्या पालावर बसलेल्यांनी त्याचे नाव ठेवून टाकले होते: संपफोड्या. आज एकाच गाडीवर दोघे ड्यूटी करतात, पण तो शब्द काही घरांत अजून शिल्लक आहे.

हजर होण्यामागे काय होते ते पाहू. संपाची मुख्य मागणी एसटी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करण्याची होती. महामंडळाने निलंबनाचे आदेश काढले आणि रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा धाडल्या. कायम कर्मचाऱ्याला काढायचे तर आरोपपत्र, चौकशी असा रस्ता असतो. रोजंदारीवाल्याला एक कागद पुरतो. म्हणजे जो सर्वांत नवा, सर्वांत कमी पगाराचा, त्याच्यावर पहिला घाव. २४ नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी अंतरिम वाढ जाहीर केली. १० वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, १० ते २० वर्षेवाल्यांना ४,००० आणि त्यापुढे २,५००. दुसऱ्याच दिवशी आंदोलनाचे नेते गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत मुंबईच्या आझाद मैदानातून माघारी फिरले. नेते उठले, कामगार बसूनच राहिले. २० डिसेंबरला एका संघटनेने संप मागे घेतल्याचे सांगितले, तरीही बहुतेक आगारांत फरक पडला नाही. मधल्या काळात हजर होण्याची ‘शेवटची संधी’ मात्र किती वेळा आली!

या काळात थोडेथोडे लोक परतत होते. कोण परतत होते? खारपाणपट्ट्यात चार एकर वावर असलेला चालक सोयाबीन विकून, तूर-हरभऱ्याकडे पाहत दोन महिने काढू शकतो. खाऱ्या पाण्यामुळे ओलिताची आशा नसली तरी घरचे धान्य असते. अमरावतीत भाड्याच्या खोलीत राहणारा, पतसंस्थेचे हप्ते चालू असलेला वाहक काय विकणार? निष्ठा दोघांची सारखीच असू शकते, कणगी सारखी नसते. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हाही हेच झाले. ज्यांना गाव होते ते कोकणात, घाटावर गेले. ज्यांचे गाव मुंबईच होते त्यांच्यापुढे गिरणीचे फाटक तेवढे उरले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मग त्यात परतलेला प्रत्येक जण आजतागायत संपफोड्या ठरवायचा का?

कायद्याची गंमत पाहा. त्या वेळी लागू असलेल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, बेकायदा नसलेल्या संपात नवे कामगार भरणे ही मालकाची अनुचित प्रथा मानली होती. संपात नसलेल्या कामगारांना दमदाटी करणे ही संघटनेची. म्हणजे बाहेरून आणलेला आणि आतून परतलेला यांच्यातला फरक कायद्यालाही दिसत होता. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना कायद्यात तर संप बेकायदा ठरल्यावर ४८ तासांत मागे घेतला, तर तो बेकायदा धरत नाहीत. पण याच चौकटीत एक काटाही होता. बेकायदा संपाला जाणूनबुजून पैशाची मदत करणे हाच तेव्हा गुन्हा होता, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. उपाशी संपकऱ्याला परत जा म्हणायला सगळे मोकळे. त्याला धान्य भरून देणाऱ्याने मात्र वकील गाठावा.

१९७४चा रेल्वे संप आठवणारी माणसे बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावांत भेटतात. ८ मेला सुरू झालेला तो संप विसेक दिवसांत मोडला. हजारो अटकेत गेले, रेल्वेच्या क्वार्टरांतून कुटुंबे बाहेर काढली गेली. जे कामावर राहिले त्यांना ‘लॉयल’ म्हणून वेतनवाढी आणि मुलांना नोकऱ्या मिळाल्या. १९७७मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ केलेले परत घेतले गेले. इथे मला रेघ स्पष्ट दिसते. बायकापोरे रस्त्यावर आली म्हणून परतलेला एक, आणि बक्षिसाकडे डोळा ठेवून थांबलेला दुसरा. संप दोघांमुळेही दुबळा होतो हे खरे, पण दोष सारखा नाही.

तिसरा प्रकार आणखी अवघड. १९२८च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी विणखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेशच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९२९च्या संपाला त्यांनी विरोध केला आणि कामगारांनी कामावर जावे अशी भूमिका घेतली. त्यासाठी त्यांना बोल लावणारे आजही आहेत. पण ७ नोव्हेंबर १९३८ला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उभा होता. ज्या एकजुटीत आपल्याला खालची पायरीच दिली आहे, तिच्यासाठी उपाशी राहायचे का, हा प्रश्न फितुरीचा नव्हे.

परतणाऱ्याची बाजू घेताना एक गोष्ट लपवता येणार नाही. एसटी महामंडळ रोज हजर कर्मचाऱ्यांचे आणि सुटलेल्या गाड्यांचे आकडे जाहीर करी. नाइलाजाने परतलेला माणूसही त्या आकड्यात मोजला जाई, आणि तोच आकडा पालावर बसलेल्यांना नमवायला वापरला जाई. शिवाय अंतरिम वाढ सर्वांच्या पगारात पडली. जे पाच-साडेपाच महिने बिनपगारी बसले त्यांचे ऋण लवकर परतलेल्यांवर आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

शेवट कसा झाला तेही पाहावे. विलीनीकरण शक्य नाही, असे या मागणीचा विचार करणाऱ्या समितीने म्हटले. एप्रिल २०२२मध्ये उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हा, असे सांगितले. बडतर्फांनाही परत घेण्याचा मार्ग त्यातच मोकळा झाला. शेवटपर्यंत बसलेलेही विलीनीकरणाविनाच गाडीवर चढले. नोव्हेंबरात एकाला नोटिशीने आणले, एप्रिलमध्ये दुसऱ्याला न्यायालयाच्या मुदतीने. दोघेही सक्तीनेच आले; अंतर होते ते कोणाच्या घरचे पीठ किती दिवस पुरले याचे.

म्हणून माझा निवाडा असा: बाहेरून येऊन संपकऱ्याची जागा घेणारा आणि बक्षिसासाठी सोबत्यांची नावे साहेबाला पुरवणारा, हे संपफोडे. नोटिशीच्या धाकाने परतून गप्प ड्यूटी करणारा संपफोड्या नव्हे, तो हरलेला संपकरी आहे. आणि वर्गणी घेऊनही सभासदाच्या घरी दोन महिन्यांचा किराणा पोचवायची तजवीज न करणाऱ्या संघटनेला त्याच्याकडे बोट दाखवायचा अधिकार नाही. पुढच्या संपाची हाक देण्याआधी प्रत्येक आगारातल्या संघटनेने आपल्या रोजंदारीवाल्यांची यादी काढावी आणि त्यांच्या घराचा खर्च कोण उचलणार हे आधी ठरवावे.