नाणेघाटाचा वारा पवनचक्कीच्या पात्याला का सोसत नाही?

जुन्नर - पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहिले, की दरीत कोसळणारे पाणी उलटे वर उडताना दिसते. कोकणातून येणारा वारा कड्याला थडकून वर चढतो आणि पाण्यालाही सोबत घेतो. आंबेगाव तालुक्यातील आहुप्याच्या कड्यावरही वाऱ्याचे हेच रूप दिसते. मग येथे पवनचक्क्या का नाहीत, असा प्रश्न पर्यटकांना पडतो. वनांचा आणि भीमाशंकर अभयारण्याचा विषय क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक उत्तर पवनचक्कीच्या पात्याच्या रचनेतच सापडते.

बाहेरून एकसंध दिसणारे पाते आतून पोकळ असते. काचतंतू आणि रेझिन यांपासून बनवलेली दोन कवचे जोडून ते तयार होते. त्याच्या पोटातून बुंध्यापासून टोकाकडे एक कणा जातो. पुलाच्या लोखंडी गर्डरसारखीच त्याची रचना असते. वाऱ्याच्या दाबाने पाते मागे वाकले, की कण्याची पुढची पट्टी ताणली जाते आणि मागची दाबली जाते. या दोन पट्ट्यांना मधली उभी भिंत जोडून धरते. सर्वाधिक भार बुंध्यावर येत असल्याने तेथे पाते सर्वांत जाड ठेवावे लागते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. मात्र, एखाद्या वादळाइतकीच चिंता अभियंत्यांना रोजच्या थकव्याची असते. आडवे आलेले पाते स्वतःच्या वजनाने वाकते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर नेमके उलट बाजूला वाकते. मिनिटाला १५ फेरे धरले, तर सतत फिरणाऱ्या पात्यावर २० वर्षांत ही वेळ १५ कोटींहून अधिक वेळा येते. तार पुन्हा पुन्हा वाकवली, की तुटते. तसेच हे आहे.

कड्यावरचा वारा हा थकवा वाढवतो. पवनचक्कीच्या रचनेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात वाऱ्याचा चढ ८ अंशांपर्यंत गृहीत धरलेला आहे. कड्याच्या काठावर तो याहून बराच अधिक असू शकतो. शिवाय तेथे भोवरेही उठतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पात्यावरचा भार हेलकावे खातो. म्हणूनच पवनचक्कीसाठी वारा मोकळेपणाने वाहणारे सपाट पठार अधिक सोयीचे ठरते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर अशा पवनचक्क्या उभ्या आहेत.

पाते अशक्त ठरले तर काय होते, याचा अनुभव पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीने घेतला आहे. अमेरिकेतील तिच्या एस-८८ पवनचक्क्यांच्या काही पात्यांना तडे गेल्यानंतर १२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम कंपनीला २००८ मध्ये जाहीर करावा लागला.

म्हणूनच नव्या रचनेचे पाते चाचणीगृहात बुंध्याशी घट्ट आवळून महिनोन्‌महिने लाखो वेळा हलवले जाते. जागा निवडतानाही वाऱ्याचा केवळ वेग पाहून चालत नाही. त्याचा चढ आणि त्यातील भोवरेही मोजावे लागतात. पाणी उलटे उडवणारा वारा पाहायला सुंदर असला, तरी पात्यासाठी तो धोक्याचा इशाराच असतो.