प्रार्थनामंदिर ते प्रयोगशाळा

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू उभी आहे. लस आणि सर्पविषावरील औषधे यांमुळे संस्थेचे नाव सर्वांना ठाऊक आहे; परंतु ह्या वास्तूच्या पोटात एक जुने चर्च आहे, हे परळ-लालबागमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी कितीजणांना माहीत असेल?

सतराव्या शतकात परळ हे एक खेडे होते. १६६५ साली मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे आले, तरी येथील चर्च व त्याची जमीन जेसुइट धर्मगुरूंकडेच राहिली. १६७३ साली मुंबईस आलेल्या जॉन फ्रायर ह्या इंग्रज प्रवाशाने त्यांचा उल्लेख केला आहे. पुढे १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतने मुंबईवर स्वारी केली. जेसुइटांनी त्याला साहाय्य केले, असा ठपका इंग्रजांनी ठेवला. परिणामी त्यांची मालमत्ता जप्त झाली व परळच्या चर्चमधील प्रार्थना कायमची थांबली.

वास्तू मात्र पडली नाही. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (१७७१-८४) येथे राहू लागले आणि कालांतराने हे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान बनले. १८२५ साली बिशप हेबर येथे आले, तेव्हा चर्चच्या जुन्या भिंतींत भोजनगृह थाटलेले होते! पुढे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे येथे पटकीने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला व वास्तू पुन्हा ओस पडली.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या ह्या वास्तूत आली. १९२५ पासून संस्थेस त्यांचे नाव आहे.

माझे आजोबा गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या गिरणीचा भोंगा थांबला. आज तिची भिंतही उरलेली नाही, तेथे टॉवर आहे. चर्चच्या भिंती तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या, कारण पुढे आलेल्या प्रत्येकाने त्या पाडण्याऐवजी वापरल्या. परंतु तेथे गुडघे टेकणाऱ्या परळकरांची आठवण कोणी जपली नाही. वास्तू टिकली तरी तिच्यातील माणसे विसरली जातात. चर्चच्या बाबतीत हे घडून गेले. गिरण्यांत राबलेली माणसे अजून आपल्या चाळींत, आपल्या घरांत आहेत. त्यांचे बोल आपणच आता लिहून ठेवले पाहिजेत.