दुखण्याची वाट पाहताना

टेबलावरच्या बाईंच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. सरांनी आत्ताच डाय सोडून डावी-उजवी दोन्ही बाजू पाहिली. ब्लॉक सोडाच, कडेला खडबडीतपणाही नाही. एरवी केस इथेच संपते. सर हातमोजे काढतात, मी रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल कोरोनरीज’ टाइप करते आणि सिस्टर पुढच्या पेशंटच्या नावाने हाक मारतात. आज कुणी जागचं हललेलं नाही. आज बाईंच्या छातीत मुद्दाम दुखवायचं आहे.

बाई सेहेचाळीसच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. दिवसभर पातेली उचलतात, तांदळाची पोती ओढतात, तेव्हा काही होत नाही. ट्रेडमिलवर पट्टा थांबेपर्यंत चालल्या. दुखणं येतं पहाटे चारच्या सुमारास, झोपेत. पाच-दहा मिनिटं जीव जातो की काय असं वाटतं आणि मग आपोआप ओसरतं. दवाखाना गाठेपर्यंत ईसीजी सरळ आलेला असतो. फाइल चाळली तर कुठे ‘गॅसेस’ लिहिलंय, कुठे ‘अँक्झायटी’, एका कागदावर नुसतंच ‘रिअ‍ॅश्युअर्ड’. मध्ये कुणीतरी धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. त्याने त्रास वाढला, असं बाई सांगत राहिल्या. हृदयाची धमनी आकसण्याचा आजार असेल तर ही गोळी खरंच तो बळावू शकते, पण तसा विचार तेव्हा कुणी केला नाही.

सकाळपासून सगळं उलटंच चाललंय. बाईंची चालू असलेली डिल्टियाझेमची गोळी दोन दिवसांपासून बंद आहे. मनगटातून नळी घातल्यावर तिथली धमनी आवळू नये म्हणून आम्ही हमखास देतो ते नायट्रोग्लिसरिन आणि व्हेरापामिल आज सिस्टरनी ट्रेमध्ये घेतलेलंच नाही. नुसतं हेपारिन दिलं. धमनी सैल करणारं काहीही आत गेलं तर तपासणी वाया जाईल. नायट्रोग्लिसरिनची सिरिंज भरून, लाल पट्टी लावून बाजूला ठेवली आहे, ती शेवटासाठी. छातीला शॉकचे पॅड चिकटवलेत. मांडीच्या शिरेतून पेसिंगची वायर हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचली आहे. ठोके पन्नासच्या खाली गेले की मशीन धक्का देईल.

औषध आहे अ‍ॅसिटिलकोलिन. ते मूळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बाहुली लहान करायला वापरतात. द्रावण टिकत नाही, म्हणून सिस्टर पावडर आत्ता विरघळवतायत आणि प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणतायत. ज्युनिअर डॉक्टर त्यांच्या पाठोपाठ आकडे म्हणतात. मिलिग्रॅम नव्हे, मायक्रोग्रॅम. शून्य चुकलं तर गंमत नाही.

“ताई, आता थोडं थोडं औषध सोडणार,” सर म्हणतात. “छातीत काहीही झालं तरी लगेच सांगायचं. सहन करत बसायचं नाही.”

“बरं साहेब.”

वीस मायक्रोग्रॅम. सर वीस सेकंद मोजत हळूहळू ढकलतात. ठोके बहात्तरवरून अठ्ठावन्नवर येतात आणि पुन्हा वर जातात. सिने घेतात. डावी धमनी उलट जराशी रुंदच झाली आहे. निरोगी धमनीत असंच व्हायला हवं: आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि भिंत सैलावते. हे सैलावणं अस्तरावर अवलंबून असतं, असं रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवलं होतं. अस्तर खरवडलं की त्याच औषधाने ती सैल न होता आवळायची. १९९८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे तो त्यामुळे. माणसाच्या हृदयात थेट औषध सोडून आकसणं पाहायची ही रीत मात्र जपानची, कुमामोतोच्या यासुए यांच्या गटाची, १९८६ मधली. तिकडे ती सरावाची झाली आहे. आमच्याकडे ही केस लागली की लॅबमधले सगळे वेळेआधी हजर असतात.

पन्नास. ठोके एकदम गळतात, मशीनचे दोन-तीन धक्के पडद्यावर उभे राहतात. बाई म्हणतात, गरगरलं. दुखतंय का? नाही. सर माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. ईसीजी जसाच्या तसा.

शंभर. हा डाव्या बाजूचा शेवटचा डोस. सर ढकलतात, ठोके पडतात, मशीन सांभाळतं, ठोके परत येतात. काही नाही. ज्युनिअर डॉक्टरांचे खांदे उतरतात. माझंही मन खट्टू होतं, आणि दुसऱ्याच्या दुखण्यासाठी आपण असं आसुसलोय याची जराशी लाजही वाटते.

तेवढ्यात ईसीजीवरची व्ही-थ्रीची रेघ हलते. ठोका पडल्यावर खाली बसायची ती रेघ वरच राहते, पुढच्या ठोक्याला आणखी वर. व्ही-टू, व्ही-फोरही तिच्या मागे. “सर, एसटी चढतेय!” मी माइकवर म्हणते. त्याच क्षणी बाईंचा मोकळा हात उचलला जातो.

“हेच! साहेब, हेच! पहाटेचं हेच!”

सर डाय सोडतात. पुढची मोठी धमनी अर्ध्यावर दोऱ्याएवढी उरली आहे, त्यापुढे काळा रंग जेमतेम झिरपतोय. नव्वद टक्क्यांहून जास्त. दुखणं, ईसीजी आणि चित्र, तिन्ही एकदम सापडलं.

“नायट्रो.”

लाल पट्टीची सिरिंज सरांच्या हातात आधीच आहे. दोनशे मायक्रोग्रॅम आत जातात. हेही शेवटी नायट्रिक ऑक्साइडच; अस्तराने द्यायचं ते बाहेरून दिलेलं. प्रेशर थोडं पडतं. रेघ उतरू लागते. बाईंच्या कपाळावर घाम डवरलाय, सिस्टर गॉजने टिपतात. पुढच्या सिनेत धमनी पहिल्यासारखी भरून वाहते. उजवी बाजू आज तपासत नाहीत. नायट्रो आत गेल्यावर तिकडचं उत्तर भरवशाचं नसतं.

सर बाईंच्या यजमानांना आत बोलावतात, दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवतात. ते बराच वेळ बघतात.

“मग स्टेंट कधी टाकायचा?”

“स्टेंट नाही. ब्लॉक नाहीच आहे, नस आवळतेय. डिल्टियाझेम परत सुरू, त्यातली एक गोळी झोपताना, रोज. जिभेखालची गोळी उशाशी. आणि ताई, मिश्री बंद.”

“दोनदाच लावते.”

“एकदाही नाही. तंबाखू ती तंबाखूच.”

बाई टेबलावरूनच मला विचारतात, सीडी मिळेल का. मिळेल, मी म्हणते, रिपोर्टबरोबर एक देतोच.

“दोन काढा,” त्या म्हणतात. “एक त्या गॅसवाल्या डॉक्टरांना देते.”