पोलोचा सामना पाहायला जाताय? सूट नसला तरी चालेल, बूट मात्र नीट निवडा

लातूर : लातूरहून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या एखाद्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर थंडीच्या दिवसांत असं आमंत्रण येऊन पडू शकतं. कंपनीने प्रायोजित केलेला पोलोचा सामना, रविवारी दुपारी, कुटुंबासह या. खाली बारीक अक्षरात एक ओळ : ‘ड्रेस कोड - स्मार्ट कॅज्युअल’. नेमके त्याच आठवड्यात आई-बाबा गावाकडून आलेले असतात. बाबांचं धोतर आणि टोपी, आईचं लुगडं. त्यांना न्यायचं की घरीच ठेवायचं, हा खरा प्रश्न. ब्लेझर भाड्याने मिळतो, त्याचं फारसं अडत नाही.

थोडक्यात उत्तर असं : पोलो पाहायला येणाऱ्यांसाठी खेळाच्या नियमांत कुठलाच पोशाख ठरवलेला नाही. बंधन असतं ते क्लबचं किंवा आयोजकांचं. आणि एक बंधन मैदानाचं असतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं.

मैदान केवढं, गवत कसं?

पोलोचं मैदान ३०० यार्ड लांब आणि कडेला फळ्या असतील तर १६० यार्ड रुंद असतं. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळपास दहा एकरांचं रान, सगळं गवताचं. प्रत्येकी चार खेळाडूंचे दोन संघ. साधारण सात मिनिटांच्या एका डावाला ‘चक्कर’ म्हणतात. प्रत्येक चक्करनंतर खेळाडू घोडा बदलतात, कारण भरधाव पळणारं जनावर त्यापुढे दमतं.

आठ घोडे एकदम वळले की टापांनी गवताची ढेकळं निघतात. म्हणून मध्यंतराला प्रेक्षकांनाच मैदानात बोलावण्याची प्रथा आहे. लहान-थोर सगळे आत उतरतात आणि उपटलेली ढेकळं पायाने दाबून पुन्हा बसवतात. पाहुण्यांकडून फुकटात करून घेतलेली ही मशागत म्हणा हवं तर! पण पुढच्या चक्करमध्ये घोड्याचा पाय खड्ड्यात जाऊन तो पडू नये, यासाठी तिचा खरोखर उपयोग होतो.

पायात काय, हे ठरतं ते इथे. टोकदार टाचेची सँडल गवतात रुतते आणि मैदानाला आणखी एक भोक पडतं. सपाट किंवा रुंद टाचेची चप्पल, कॅनव्हासचे बूट, साधे चामडी बूट, काहीही चालतं. घोडे बांधलेल्या बाजूला जायचं असेल तर मात्र बंद बूटच घाला. घोड्याचं वजन चारशे-पाचशे किलोच्या घरात असतं. चपलेतल्या बोटांवर त्याची टाप पडली तर थेट दवाखाना गाठावा लागेल.

‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे नेमकं काय?

शब्द मोठा आहे, अर्थ साधाच : इस्त्रीचे, नीटनेटके कपडे. पुरुषांनी कॉलरचा शर्ट आणि सुती पँट घातली की झालं. टाय लागत नाही. आमंत्रणात ‘फॉर्मल’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच कोटाचा विचार करावा. फाटक्या जीन्स, हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियन टाळावा. महिलांना सलवार-कुर्ता, ड्रेस, साडी सगळं शोभतं. इरकल किंवा सुती साडी उत्तम, फक्त पदराला पिन लावा. वाऱ्यावर अचानक फडफडणाऱ्या कापडाला घोडा बुजू शकतो. छत्रीचंही तेच. घोड्यांजवळ ती फटकन उघडू नका.

सामने बहुतेक दुपारनंतर होतात. ऊन तोंडावर येतं, त्यामुळे टोपी आणि गॉगल लागतोच. दिवस मावळला की पुण्यात गारठा जाणवतो, तेव्हा पिशवीत एक स्वेटर किंवा शाल असू द्या. रुंद काठाची हॅट सिनेमात छान दिसते, मागे बसलेल्याला मात्र खेळ दिसत नाही.

आणि हो, खेळाडूसारखी पांढरी ब्रीचेस आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून प्रेक्षकांत बसू नका. क्रिकेट पाहायला पॅड बांधून जाण्यासारखं ते होईल.

पोलो टी-शर्ट पोलोचाच का?

नावावरून तसं वाटतं, पण आज आपण घालतो तो कॉलरचा टी-शर्ट रूढ झाला टेनिसमुळे. फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त यांनी १९२६ मध्ये तो अमेरिकेतल्या स्पर्धेत वापरला. घोडेस्वाराचं चिन्ह छातीवर आलं ते अमेरिकी डिझायनर राल्फ लॉरेन यांच्यामुळे, १९७२ मध्ये. पोलोने जगाला दिलेला खरा पोशाख म्हणजे जोधपुरी ब्रीचेस. राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथल्या घोडेस्वारांना ती विजार आवडली.

मराठवाड्यालाही हा खेळ अगदीच परका नाही. लातूर-नांदेड सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. राजधानीतल्या फतेह मैदानावर निजामी काळात पोलो रंगायचा. तेच मैदान म्हणजे आजचं लालबहादूर शास्त्री स्टेडियम.

मग बाबांचं धोतर चालेल का?

मैदानाच्या कडेला उभं राहून सामना पाहायला अडचण येऊ नये. अडतं ते क्लबच्या दारात. इंग्रजांच्या काळापासूनचे अनेक क्लब पोशाखाचे नियम आजही पाळतात आणि त्याचा फटका मोठमोठ्यांना बसला आहे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी फिरायचे. १९८८ मध्ये मुंबईतल्या एका नामांकित क्लबने याच कारणाने त्यांना आत घेतलं नाही. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसले म्हणून एका क्लबच्या दारातून परत जावं लागलं. तमिळनाडू विधानसभेने पुढच्याच महिन्यात कायदा करून अशी बंदी बेकायदा ठरवली. पण तो कायदा तमिळनाडूपुरता आहे.

म्हणून निघण्याआधी आमंत्रणावरच्या नंबरवर फोन करा आणि स्पष्ट विचारा : ‘वडील धोतर-टोपीत येणार आहेत, आत बसता येईल ना?’ दारात वडिलांसमोर अपमान होण्यापेक्षा हा फोन सोपा. चप्पल चालेल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण काही ठिकाणी धोतराला नव्हे तर चपलेलाच हरकत असते. मुंबईत पोलोचं ठिकाण म्हणजे महालक्ष्मी रेसकोर्स. तिथल्या ॲमॅच्युअर रायडर्स क्लबची स्थापना १९४२ ची. रेसकोर्सवर सभासदांच्या स्टँडचे आणि सर्वसाधारण प्रेक्षकांच्या जागेचे नियम वेगळे असू शकतात. तुमचा पास कोणत्या जागेचा आहे, ते आधी पाहा.

घोडेच पाहायचे असतील तर?

त्यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या माळेगावात मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजारही. पोशाखाचं बंधन शून्य. फक्त पांढरे कपडे घालून गेलात तर परतताना ते पांढरे राहणार नाहीत, कारण भंडारा सगळ्यांवर उधळला जातो. नांदेडच्या होला मोहल्ल्याला हल्लाबोल मिरवणुकीत घोडे असतात. तिथे गुरुद्वारात जायचं तर बूट बाहेर काढावे लागतात आणि डोकं झाकावं लागतं. मोठा रुमाल किंवा ओढणी घरूनच न्या.