खोरासानचे मांजर आणि श्रावकाचे घर

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत मांजराविषयीचा लेख पाहून कित्येक वाचक बंधूंस नवल वाटेल. धान्याच्या वखारीत वावरणाऱ्या मांजराशी आपली ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ते आपण आणलेले नसते, आपणहून आलेले असते. त्याच्या आहाराचा जाब आपणांस कोणी विचारीत नाही. परंतु अलीकडे आपल्या भागातील सुखवस्तू घरांत लांब केसांचे जातिवंत इराणी मांजर मोल देऊन आणण्याची हौस दिसू लागली आहे. मोल देऊन आणलेल्या जिवाची जबाबदारी निराळी असते. ती पार पाडताना आमच्या घरी कोणती चूक झाली आणि तीपासून आम्ही काय शिकलो, हे समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या मांजराची युरोपास ओळख करून देणाऱ्यांत रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याचे नाव प्रथम घेतले जाते. 1620 साली इराणातून लिहिलेल्या पत्रात त्याने खोरासान प्रांतातील करड्या रंगाच्या, रेशमी केसांच्या आणि झुपकेदार शेपटीच्या मांजरांचे वर्णन केले आहे. पुढे 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि तेव्हापासून पैदासकारांनी निवड करीत करीत आजचे गोल डोक्याचे, आखूड नाकाचे मांजर घडविले. म्हणजे नाव इराणचे असले, तरी आजचे रूप बहुतांशी पाश्चात्त्य हौसेचे आहे.

याच प्रवाशाचा आपल्याशीही एक संबंध आहे. 1623 साली तो हिंदुस्थानात आला आणि गोव्यास जाण्यापूर्वी खंबायतेस थांबला. तेथे त्याने पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. आईबापांवाचून सापडलेली उंदरांची पिले तेथे कापसात ठेवलेली होती, आणि चष्मा लावलेला एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध त्यांना पिसाच्या टोकाने दूध पाजीत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. मांजराचे सौंदर्य आणि उंदराची शुश्रूषा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने पाहिल्या. त्या दोहोंस एका घरात कसे नांदवावे, हा प्रश्न मात्र आमच्या वाट्यास आला.

शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकातील आपल्या 'योगशास्त्रा'त श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांतील 'असतीपोषण' या सदरात धनासाठी मांजर, कुत्रा, पोपट, मैना इत्यादी प्राणी पाळणे हेही येते. दिगंबर परंपरेतही हिंस्र प्राणी बाळगणे हा अनर्थदंडाचा प्रकार मानला आहे. आम्ही हे वाचले होते. आमच्या घरी मांजर धनासाठी नव्हे, नातवंडांच्या हौसेसाठी आले होते. म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली आणि एक अट घालून घेतली, की मांजर राहील ते शाकाहारी होऊन राहील.

दूधभात, पोळीचा कुस्करा, पनीर आणि वर तुपाची धार, असा तिचा आहार ठरला. पाहुण्यांस आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू, की आमच्या घरी मांजरसुद्धा श्रावक आहे. वर्ष-दीड वर्षाने ती तिन्हीसांजेस उंबऱ्याला अडखळू लागली. दिव्याच्या उजेडातही तिच्या डोळ्यांतील बाहुल्या मोठ्याच राहत. पशुवैद्यांनी तपासून आहार विचारला, आणि ऐकून ते क्षणभर काही बोलले नाहीत.

त्यांनी सांगितले ते असे. मांजराच्या देहास टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते मांस-मासळीत असते, वनस्पतीत जवळजवळ नसते, आणि मांजराचे शरीर ते स्वतः पुरेसे बनवू शकत नाही. ते न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो, हे 1975 साली सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू शिथिल होऊन हृदय फुगते, हे 1987 साली. गाजर-भोपळ्यापासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची शक्तीही मांजरास नाही. माणूस शाकाहारावर निरोगी राहतो, कुत्राही काळजीपूर्वक राहू शकतो. मांजराची घडणच वेगळी आहे. टॉरिन देऊन हृदय पुष्कळदा सावरते. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही.

घरी येऊन आम्ही हे मातोश्रींस सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "व्रत आपण घेतलं होतं, तिनं नव्हे. तिच्या तोंडचं काढून घेतलं, ही का अहिंसा?" त्यांनीच मागील पडवीत निराळे ताट, निराळी जागा नेमून दिली. तेव्हापासून तिला मांजरासाठी तयार केलेले पूर्ण अन्न मिळते. ते अन्न मांसाचे आहे आणि त्यामागे दुसऱ्या जिवाची हानी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तो दोष आमच्या खाती लिहिलेला आहे. कृत्रिम रीतीने बनविलेले टॉरिन घातलेली शाकाहारी अन्नेही परदेशांत मिळतात. पण पशुवैद्यांच्या देखरेखीवाचून त्यांवर विसंबू नये. घरच्या दूधभातावर तर मुळीच नाही.

ज्यांच्या घरी असे मांजर आलेलेच आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. हे केस रोज विंचरावे लागतात. प्रथम रुंद दातांची, मग बारीक दातांची धातूची फणी घ्यावी, आणि काखा, पोट व कानांमागची जागा विसरू नये. चार दिवस हयगय झाली की जटा होतात आणि कातडी ओढली जाऊन जनावरास वेदना होतात. जट कात्रीने कापू नये. मांजराची कातडी पातळ असते, ती सहज कापली जाते. आखूड नाकामुळे डोळ्यांतून पाणी वाहते, ते रोज ओल्या मऊ कापडाने टिपावे. फार चपट्या तोंडाच्या पिलास श्वासाचा त्रास जन्मभर असतो. ते रूप कितीही गोजिरे दिसले, तरी घेऊ नये.

बेळगावची हवा त्यातल्या त्यात बरी. सोलापूर, गुलबर्गा, हैदराबादकडील उन्हाळा या प्राण्यास कठीण जातो. दुपारी त्यास थंड खोलीत ठेवावे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर ते संकटाचे चिन्ह समजून तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे. कांदा-लसूण मांजरास विषासमान आहे. आपल्या स्वयंपाकघरांत त्याची चिंता सहसा नाही. परंतु लिलीची फुले आणि पॅरासिटामॉलची गोळी ही दोन्ही प्राणघातक आहेत, हे मुलांस बजावून ठेवावे.

या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग आढळतो. आईबापांपैकी एकात दोष असला, तरी प्रत्येक पिलात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. 2004 पासून त्या दोषाचे नेमके कारण ठाऊक आहे आणि त्याची चाचणी होते. माल पारखल्याशिवाय आपण पोतेभर गूळ घेत नाही. मग जीव घेताना आईबापांची चाचणी का विचारू नये?

आपण व्यापारी. खरेदीचा भाव हा खर्चाचा लहानसा भाग असतो, हे आपणांस नव्याने सांगणे नको. येथे तर बारा-पंधरा वर्षांची खतावणी मांडावयाची असते, आणि तीत रोजचा अर्धा तास आणि पडवीतील ते निराळे ताट लिहावे लागते. हे ताट ज्यांच्या मनास सोसणार नाही, त्यांनी हे मांजर घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात कमीपणा नाही. प्राण्यांवरील प्रेमास वाट हवी असेल, तर पांजरपोळीतील गाईगुरे आपली वाट पाहत आहेत. आणि ज्यांनी घेतले, त्यांनी त्याची पैदास करून पिले विकण्याच्या फंदात पडू नये. तेथे हेमचंद्राचार्यांचा निषेध शब्दशः लागू पडतो.

आमची मांजरी अजून आहे. तिला अंधुक दिसते, म्हणून घरातील पाट, पेटी, खुर्ची यांची जागा आम्ही बदलीत नाही. संध्याकाळी मातोश्री माळ घेऊन बसल्या, की ती भिंतीच्या कडेकडेने येऊन त्यांच्या पायांशी बसते. तिच्यानंतर आमच्या घरी दुसरे मांजर मोल देऊन येणार नाही. हिला मात्र तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या हक्काचे सर्व मिळेल.